पाण्याचं प्रदर्शन आखतोय: इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं सॉफ्टवेअर संग्रहालयासाठी कुणी वापरलंय का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलू-जिंतूर भागातल्या एका गावात जुन्या वाचनालयाची मागची मोठी खोली आम्हाला मिळाली आहे. तिथं मराठवाड्याच्या पाण्यावर, मुख्यतः पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी, कायमचं छोटं प्रदर्शन उभं करायचं चाललंय. वस्तू गावोगावच्या लोकांनी दिल्या आहेत: मोटेचं चाक आणि कणा, नाडा, पोहरे, रांजण, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला वापरलेले हातोडे, दुष्काळी कामाची मस्टरं म्हणजे हजेरीपट. वालूरची चक्राकार बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली तेव्हापासून आमच्याकडे या विषयाची ओढ वाढली आहे, त्यामुळे कुणी हात आखडता घेतला नाही.

माझं पोटापाण्याचं काम इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं, म्हणजे कंपन्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आखायचं. या कामात एक शिस्त अंगात मुरते. शिकणाऱ्यानं शेवटी काय करून दाखवायचं हे लिहिल्याशिवाय पुढची एकही पायरी चढायची नाही. प्रदर्शनांच्या बैठकांत मात्र मी उलटं बघत आले आहे. फ्लेक्स किती बाय कितीचे, पॅनल किती, काचपेट्या कुठून आणायच्या, इथून सुरुवात होते आणि मजकूर सगळ्यात शेवटी घाईघाईत लिहिला जातो. मूल त्या खोलीत उभं राहून नेमकं काय करणार, हे कुणी विचारतच नाही.

म्हणून आमच्या समितीचा पहिला कच्चा आराखडा मी शिक्षण आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिला. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट ही मोठी नावं मुद्दाम टाळली. ती पडद्यावरचा कोर्स बांधायला आहेत, पैसेही भरपूर लागतात, आणि आम्हाला खोलीत पडदा नकोच आहे. मी घेतलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तयार झालेलं ‘लर्निंग डिझायनर’. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, मराठी टाइप करता येतं. त्यात एकूण वेळ, गटातली मुलं, उद्दिष्टं भरायची आणि मग एकेक कृती मिनिटांसह मांडायची. प्रत्येक कृतीला सहापैकी एक प्रकार द्यावा लागतो: वाचणे-पाहणे-ऐकणे, शोध घेणे, चर्चा, सराव, एकत्र काम, निर्मिती. मिनिटं भरत जाल तसं बाजूला एक गोल चित्र रंगत जातं.

आमचा आराखडा पंचेचाळीस मिनिटांचा होता. त्यातली तीसहून जास्त मिनिटं एकाच रंगाची निघाली: वाचणे-पाहणे-ऐकणे. समितीतल्या ज्येष्ठांना मी हे तोंडी बरेचदा सांगितलं होतं. ते चित्र दाखवल्यावर मात्र सगळे गप्प बसून विचार करू लागले. सॉफ्टवेअरनं नवी अक्कल दिली असं नाही, पण जे डोळ्यांआड होतं ते समोर आणून ठेवलं.

एक उदाहरण देते. आमच्याकडे एका आडाच्या काठाचा काळा दगड आहे. पाणी शेंदताना दोर घासून घासून त्याला खाचा पडल्यात, मधल्या खाचेत माझं अख्खं बोट बसतं. कच्च्या आराखड्यात तो काचेआड होता आणि शेजारी ‘पारंपरिक जलव्यवस्था’ या मथळ्याखाली दीड-दोनशे शब्द. सॉफ्टवेअरच्या उद्दिष्टाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही अडकलो. ‘विद्यार्थ्यांना पारंपरिक जलव्यवस्थेची माहिती होईल’ हे लिहिता येतं, पण ते झालं की नाही हे ओळखणार कसं? शेवटी लिहिलं ते असं: खाचा किती आहेत आणि एकमेकींपासून किती लांब आहेत हे बघून, एका वेळी तिथं किती जणी पाणी शेंदू शकत असतील हे मूल सांगेल आणि कारण देईल. हे लिहिल्याबरोबर काच गेली. दगड मुलाच्या कमरेच्या उंचीवर उघडा आला, शेजारी दोर आला, मजकूर एका प्रश्नापुरता उरला: ‘या खाचा कुणी पाडल्या?’

आता माझे प्रश्न. हे सॉफ्टवेअर वर्गासाठी बनलंय. संग्रहालयात माणसं उभी असतात, मनाला येईल तिकडं वळतात, शेजारी आजी असते, कडेवर धाकटं भावंड असतं. ते सगळं यात कसं बसवायचं? आणि तुम्ही कुणी असलं काही वापरलंय का?

झेडपी मास्तर

ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. दगडाचं उदाहरण फार आवडलं. पण एक भीती सांगतो. बी.एड.ला आम्ही उद्दिष्टं आणि त्याखाली स्पष्टीकरणं लिहून लिहून वह्या भरल्या. पुढं नोकरीत पाठटाचण. टाचण कागदावर एक आणि वर्गात भलतंच, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. सॉफ्टवेअरचा रकाना भरायचा म्हणून भरला गेला तर हेही टाचणच होईल.

दुसरं, सहलीचं वास्तव. एसटी करून आम्ही येतो तेव्हा चाळीस-पन्नास पोरं एकदम उतरतात. परतीची वेळ ठरलेली. एका दगडाभोवती चाळीस पोरं उभी राहिली तर पुढची सहा बोट घालतील आणि मागची ढकलाढकली करतील. तुमच्या सॉफ्टवेअरला हे कळतं का?

तगरकर

मी तेरचा. आमच्या गावात रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, लहानपणापासून तिथं जातो. पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर सांगितलंय ते हेच तेर. सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिचं पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी साम्य सांगतात.

दुधनाकाठ, तुमच्या पद्धतीत मला एक गोष्ट खटकते. तुम्ही म्हणता आधी उद्दिष्ट, मग साधन. कोर्स बनवताना ते बरोबर आहे, कारण हवं ते चित्र काढता येतं, हवा तो व्हिडिओ करता येतो. संग्रहालयाचं गणित उलटं असतं. लामतुरे यांनी शेतात, टेकाडावर, पावसानंतर उघड्या पडलेल्या मातीत जे मिळालं ते जपलं. वस्तू आधी आली. तिला काय सांगायचं आहे ते तिच्याजवळ बसून शोधावं लागतं. एखादा मणी हातात घेतला की त्याचं भोक दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवलेलं दिसतं. तो कारागीर कसा बसला असेल, त्यानं मणी कसा धरला असेल, हे मनात येतं. कुठल्याही उद्दिष्टाच्या यादीत हे आधी लिहून ठेवलेलं नसतं.

उद्दिष्टापासून निघालात तर जी वस्तू उद्दिष्टात बसत नाही ती गोदामात जाईल. आणि कधी कधी तीच सगळ्यात बोलकी असते.

दुधनाकाठ

तगरकर, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटला आणि त्यानं कामाची दिशा बदलली. दगडाच्या बाबतीत आमच्याकडून नेमकं तेच झालं होतं: खाच आधी दिसली, उद्दिष्ट नंतर सुचलं. म्हणून आता सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक साधी पायरी घातली आहे. गुगल शीटमध्ये प्रत्येक वस्तूची एक ओळ. पहिला रकाना: वस्तू हातात घेऊन, काही न वाचता, काय काय दिसतं? दुसरा: त्यातून कुठला प्रश्न उठतो? तिसरा: उत्तर वस्तूतच सापडतं की बाहेरून सांगावं लागतं? तिसऱ्या रकान्यात ‘वस्तूतच’ आलं की तिथं पाटी जवळजवळ लागतच नाही. उद्दिष्ट चौथ्या रकान्यात. ज्या वस्तूला उद्दिष्ट सुचत नाही तिला बाहेर काढायचं नाही, तिच्यासमोर नुसती जागा ठेवायची.

मास्तर, गटाचा आकार सॉफ्टवेअर विचारतं, पण खोली किती मोठी आहे हे त्याला कळत नाही. ते आपणच सांभाळायचं. चाळीस मुलांचे दहा-दहाचे चार गट, चार ठिकाणं, प्रत्येकी नऊ मिनिटं. सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र, शेवटी चार. पंचेचाळीस झाली. दगडापाशी दहा मुलं असतील तर निम्मी दगडाशी आणि निम्मी दोर-पोहऱ्याशी. पाण्यानं भरलेला पोहरा रहाटाशिवाय ओढून बघायचा, मग रहाटावरून.

टाचणाच्या भीतीबद्दल: उद्दिष्टाचं वाक्य पोरांसमोर तपासून बघता आलं तरच ठेवायचं, नाहीतर खोडायचं. एवढा एकच नियम आम्ही केलाय.

खडकी

छत्रपती संभाजीनगरात प्रदर्शनांची मांडणी करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोर्स आणि प्रदर्शन यांतला मोठा फरक म्हणजे क्रम. कोर्समध्ये पुढचं बटण दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही. खोलीत माणूस दारातून आत आला की त्याला चार गोष्टी एकदम दिसतात आणि जी ओढते तिकडं तो जातो. म्हणून ‘पहिल्या पॅनलवर प्रस्तावना, दुसऱ्यावर इतिहास’ असं रचलेलं प्रदर्शन मोडून पडतं. तिसऱ्यापासून सुरू करणाऱ्याला काहीच कळत नाही.

याला मी ट्वाइन वापरतो. मूळचं ते फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायचं मुक्त सॉफ्टवेअर, डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालतं. प्रत्येक ठिकाण म्हणजे एक चौकट, आणि तिथून जिथं जिथं वळता येतं तिथं बाण. मग मी वेगवेगळी माणसं होऊन चालून बघतो: घाईतला बाप, एकटं भटकणारं पोर, वाचत वाचत जाणारे आजोबा. कुठल्याही चौकटीत आधी दुसरी पाहिल्याशिवाय अर्थ लागत नसेल तर ती चौकट दुरुस्त करायची. तुमच्या लर्निंग डिझायनरला हेच जमत नाही, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. एक शिक्षकासोबत येणाऱ्या गटासाठी, दुसरं मोकळं फिरणाऱ्यासाठी.

वेळेचं भान ठेवा. अमेरिकेत शंभरावर प्रदर्शनांत लोकांच्या मागं राहून केलेल्या एका अभ्यासात बहुतेक प्रेक्षक वीस मिनिटांच्या आत बाहेर पडतात असं दिसलं, विषय कुठलाही असो. आणि थकवा हा काही आजकालचा प्रश्न नाही. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या गिलमन यांनी १९१६ मध्येच वाकून, मान वेळावून पाटी वाचणाऱ्या माणसाचे फोटो छापून तो दाखवला होता. पाचवीच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. तुमच्या शीटमध्ये ‘उंची’ असा रकाना घाला. ‘प्रकाश’ असाही घाला. मस्टरं कागदाची आहेत. कागद आणि कापड यांच्यासाठी पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच प्रकाश धरतात आणि तुमच्या खोलीला खिडक्या असणारच. मूळ मस्टर पेटीत झाकून ठेवा आणि हाताळायला छायाप्रत द्या.

थ्रीडी आराखड्यासाठी स्केचअप चांगलं, पण त्याच्या आधी शाळेच्या मैदानावर फक्की मारून खोली खऱ्या मापात आखा. खो-खोचं मैदान आखतो तसंच. बाकड्यांच्या पेट्या करा आणि चाळीस पोरं आत सोडा. दाटी कुठं होते ते दहा मिनिटांत कळेल.

आणखी एक सुचवतो. आमच्या शहरात मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे तेव्हाच्या याच शहराला, पाणी आणायला नहर बांधली आणि पुढं पाणचक्कीलाही डोंगराकडून खापरी नळांतून पाणी आलं. पंपाशिवाय पाणी वर कसं चढतं, हे मुलांना करून बघता येतं. पारदर्शक नळी, एक बादली उंचावर आणि दुसरी खाली. नळीचं तोंड उंचावरच्या बादलीतल्या पाण्याच्या वर गेलं की धार थांबते. हे एकदा हातानं केलेलं मूल पाणचक्कीसमोर उभं राहिलं की नळाचा उगम कुठं असेल ते स्वतःच शोधायला लागतं.

शाळाबाई बीड

सगळं वाचलं, शिकायला मिळालं. मला विश्लेषणाच्या पायरीबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्यावरून सगळे भरकन पुढं गेलेत.

शिकणारा कोण हे आधी बघायचं असतं ना? सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. आमच्या भागातली कितीतरी पोरं तेव्हा आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर असतात. दिवाळीच्या सुमारास जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. पाण्याचं प्रदर्शन ज्यांच्यासाठी सगळ्यात जवळचं, म्हणजे ज्यांच्या घरी पाणी नाही म्हणून घर सोडावं लागतं, नेमकी तीच पोरं सहलीत नसतात.

तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रेक्षक: इयत्ता पाचवी ते आठवी’ एवढंच लिहू नका. महिन्यांप्रमाणे लिहा. जून-जुलैत ही पोरं शाळेत असतात. तेव्हाचा एक वेगळा आराखडा करा. किंवा दोन-तीन ठिकाणं पेटीत बसतील अशी करा, म्हणजे पेटी शाळेत आणि जमलं तर कारखान्याच्या तळावरही नेता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून गावोगाव फिरते, कल्पना काही अनोळखी नाही. आपल्याकडे बस नसली तरी पेटी होऊ शकते.

झेडपी मास्तर

बाई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पेटीला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या केंद्रातल्या शाळा ती फिरवतील, मी केंद्रप्रमुखांशी बोलतो.

मांजराकाठी

लातूरकडून लिहितेय. तुमच्या यादीत २०१६ ची पाणीटंचाई नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते आमच्या पिढीनं डोळ्यांनी बघितलंय. त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या गाडीच्या पहिल्या खेपेत दहा वॅगन होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांवर. मुलांना भागाकार करू द्या: माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं. तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा आणि विचारा, हे पाणी दिवसभर पुरवायचं तर कशाला वापराल? सॉफ्टवेअरमधले शोध, चर्चा, एकत्र काम, तिन्ही प्रकार एका बाटलीत येतात.

पण माझा मोठा आग्रह वेगळा आहे. सगळी ठिकाणं छान होतायत, प्रदर्शनाचं म्हणणं काय आहे ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. प्रदर्शनाला एक पूर्ण वाक्य हवं. ‘मराठवाड्याचं पाणी’ हा नुसता विषय झाला. मला हवंय ते असं काही: ‘पाऊस कमी पडतो तिथं पाणी कुणाला, किती आणि कशासाठी, हे माणसं ठरवतात.’ हे वाक्य सॉफ्टवेअरच्या सगळ्यात वर लिहा आणि प्रत्येक ठिकाणाला विचारा, तू याच्या कामाला येतोस का? आडाचा दगड येतो, कारण कुणी शेंदायचं आणि कुणी लांब उभं राहायचं हेही त्या काठावर ठरत होतं. रेल्वे येते. बहात्तरची मस्टरं येतात. त्याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. जायकवाडीही यावी लागेल. आणि ऊसही. उसाचा विषय निघाला की बैठकीत दोन तट पडतील, तरी तो टाळू नका.

तगरकर

मांजराकाठी यांचं वाक्य मला पटलं. मी आधी उद्दिष्टांच्या विरोधात बोललो, पण हे उद्दिष्ट नव्हे, म्हणणं आहे. त्यानं वस्तू गोदामात जात नाही, उलट तिचं तोंड उघडतं. आडावर कुणाला हात लावू देत नसत हे दगड बघून आपोआप दिसणार नाही. ते सांगावंच लागेल, आणि स्पष्ट सांगावं.

अशा ठिकाणी मोजमापाचा हट्ट धरू नका एवढंच. इंग्लंडमध्ये संग्रहालयांसाठी शिकण्याच्या फलितांची जी चौकट केली तिच्या पाच कप्प्यांत ज्ञान आणि कौशल्य यांच्याबरोबर वृत्ती-मूल्यं, आनंद-प्रेरणा आणि वागण्यातला बदल यांनाही जागा आहे. दगडापाशी एखादं पोर गप्प झालं तर तेही फलितच. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.

उर्दू शाळा परभणी

आदाब. आमच्या शाळेची मुलंही येणार असं धरून चाललोय, म्हणून भाषेचं आत्ताच बोलतो. परभणी-सेलूत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पाट्या तीन-तीन भाषांत लावल्या तर भिंत भरून जाईल. त्यापेक्षा पाटीवर एक प्रश्न मराठीत, खाली उर्दूत, आणि बाकी सगळं आवाजात.

यासाठी एचफाइव्हपी बघा. मुक्त आहे. चित्रावर टिंब ठेवायचं, टिंबाला हात लावला की आवाज सुरू. लुमी नावाचं त्याचं डेस्कटॉप अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं आणि तयार झालेली फाइल साध्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते. खोलीत पडदा नको हे बरोबरच. हे सहलीच्या आधी शाळेत वापरायचं: बारवेचं चित्र, त्यात पायऱ्या, कोनाडे, धाव, थारोळं. मुलं शब्द ओळखून आली की खोलीत वाचायला थांबत नाहीत, थेट वस्तूकडे जातात. गोरमाटी आवाज तांड्यावरच्याच एखाद्या आजीचा घ्या.

अक्षरांचं एक व्यवहाराचं सांगतो. सगळा मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. तालुक्याचा फ्लेक्सवाला अजूनही श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात काम करतो, त्याच्याकडे युनिकोड मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. त्याला मजकूर देऊच नका. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी ‘द्ध’, ‘ऱ्य’, ‘श्र’ डोळ्यांनी तपासा. उर्दूचं तर जास्तच, नस्तालीक फॉन्ट नसला की सगळं विस्कटतं.

झेडपी मास्तर

फक्की मारून करून बघितलं. खडकी सर, तुमचे आभार.

वाचनालयाच्या खोलीचं माप मैदानावर आखलं, बाकडी ठेवली. दगड दुधनाकाठ ताईंनी गाडीत घालून आणला. सहावीची पोरं गटानं सोडली, मी आणि आमच्या बाई वही घेऊन बाजूला. कुठं थांबतात, काय बोलतात एवढंच टिपायचं, शिकवायचं नाही.

दगडापाशी आधी सगळ्यांनी बोटं घातली. एक जण म्हणाला, छिन्नीनं केलंय. दुसरी म्हणाली, छिन्नीनं केलं असतं तर कडा टोकदार लागल्या असत्या, ही गुळगुळीत आहे. मग एकानं दोर खाचेत बसवून ओढून बघितला. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. किती जणी शेंदत असतील यावर मात्र गाडी अडली. खाचा पाच आहेत म्हणून पाच जणी, असं सगळे म्हणत राहिले. दोन खाचा इतक्या जवळ आहेत की दोन बायका तिथं एकाच वेळी उभ्या राहूच शकत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे उद्दिष्ट गाठायला काहीतरी कमी पडतंय. आमच्या बाईंचं म्हणणं, दगड जमिनीवर नुसता ठेवला म्हणून असं झालं. आडाचा गोल काठ आखून त्यात दगड बसवला तर पोरं काठावर उभी राहून बघतील.

पाण्याच्या बाटलीवर भरपूर भांडण झालं. जेवणाची वेळ झाली तरी पोरं हलेनात. मस्टरांपाशी कुणी थांबलं नाही.

खडकी

मस्टरांपाशी थांबण्यासारखं काय होतं? यादीच ना? एक काम करा. छायाप्रतीत गावातली आडनावं सापडतायत का बघा, पण खरी नावं झाकून फक्त हजेरीच्या खुणा आणि अंगठे दिसू द्या. शेजारी तोच खडी फोडायचा हातोडा, उचलता येईल असा. मूल हातोडा उचलेल आणि मग एका माणसाचे सलग किती दिवस भरलेत ते बोटानं मोजेल.

मांजराकाठी

आणि सुकडी विसरू नका. दुष्काळी कामावर खायला मिळायची. माझी आजी अजून तिची चव सांगते. गावातल्या कुणाकडून तरी तिचं वर्णन आवाजात घ्या, हातोड्याशेजारी लावा.

दुधनाकाठ

सगळं उतरवून घेतलं. आत्तापर्यंतचे बदल असे.

मांजराकाठी यांचं वाक्य आराखड्याच्या वर गेलंय, ‘माणसं ठरवतात’ तसंच ठेवलंय. समितीत उसावर वाद झाला. शेवटी ठरलं की ऊस, ज्वारी आणि तूर यांना लागणाऱ्या पाण्याची तुलना ठेवायची, पण आकडे कृषी विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय छापायचे नाहीत. आडाचा काठ लाकडी चौकटीत गोल करून घेतोय, दगड त्यात बसेल. उद्दिष्टाचं वाक्य बदललं नाही, पोरांना अजून एकदा संधी द्यायची. मस्टरांचं ठिकाण खडकी सरांनी सांगितल्याप्रमाणे नव्यानं आखलं आणि गोल चित्रात आता वाचणे-पाहणे-ऐकणे एक तृतीयांशाच्या आत आलंय. आडावर शिवाशिव पाळली जायची त्याबद्दलची पाटी तगरकर लिहून देणार आहेत. ती गावातल्या ज्येष्ठ बायकांना आधी वाचून दाखवू.

पेटीसाठी दोन ठिकाणं निवडली: पाण्याची बाटली आणि बादली-नळी. दगड जड आहे, त्याचा साचा घेऊन हलकी प्रतिकृती करता येते का ते बघतोय. पेटी जूनमध्ये शाळाबाईंच्या केंद्रात आधी जाईल.

मदत हवी ती अशी. गोरमाटीत बोलणारी आणि आडावर पाणी भरलेली एखादी आजी जिंतूर किंवा सेलू तालुक्यात कुणाच्या ओळखीची असेल तर मला निरोप करा, आम्ही घरी येऊन आवाज घेऊ. उर्दू शाळेच्या सरांनी पाट्यांचा मजकूर तपासायचं कबूल केलंय, पण छापण्याआधी आणखी एका जाणकाराची नजर हवी आहे. आणि रहाट. चालू स्थितीतला लाकडी रहाट अजून मिळालेला नाही. पडवीत, गोठ्यात कुणाकडे धूळ खात असेल तर वाहतूक आमची. शीट आणि ट्वाइनची फाइल या रविवारी इथंच टाकते, ज्यांना आपल्या गावासाठी वापरायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी.